बिनगळ्याचा मोर

फ्रिजच्या पोटात डोकं घालून दाजी कॉम्प्रेसर सोडवत होता आणि कपाटावरचा रेडिओ आपला बडबडत होता. रेडिओवाल्यानं लोकांची मतं मागवली होती. प्रोग्रेसिव्ह रॉकमधला सगळ्यात भारी फ्रंटमन कोण? म्हणजे नुसता येऊन उभा राहिला तरी माणसाची नजर हलू देत नाही, असा कोण? जगातले मोठमोठे झाले, मुखवटेवाले झाले, कमरेपर्यंत केसवाले झाले, आणि शेवटी रेडिओवाला लाडात येऊन म्हणाला, "पण मंडळी, घरच्याला विसरून कसं चालेल? आपला मोर!"

दाजीनं डोकं वर काढलं ते थेट फ्रिजच्या कडेवर आपटलं.

"घ्या," डोकं चोळत तो त्या फ्रिजलाच म्हणाला. "राबायचं आम्ही आणि मिरवायचं मोरानं."

आता हे प्रोग्रेसिव्ह रॉक काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. साधं गाणं कसं, तीन-चार मिनिटांत आटपतं. माणूस आंघोळ करता करता म्हणून मोकळा होतो. यांचं गाणं सुरू झालं की बादलीभर कपडे धुऊन, वाळत घालून या, ते चालूच. मध्येच सातांचा ताल, मध्येच पाचांचा. पायानं ठेका धरायला जावं तर पाय हवेतच लटकतो. आणि मधोमध नुसत्या वाजवण्याचा एक लांबच्या लांब पट्टा, त्यात गाणाऱ्याला गायला एक अक्षर नाही. मागचे तिघं घाम गाळतायत आणि हा बुवा पुढे उभा.

दाजीच्या बँडचं असंच एक गाणं होतं. दीपगृहातल्या दिवेवाल्याचं. दिवा लावून तो जहाजाची वाट बघतो, जहाज काही येत नाही, आणि दिवा काही तो विझवत नाही. गोष्ट एवढीच, पण ती बावीस मिनिटं चालायची. बँडमध्ये तिला सगळे 'लांबडी' म्हणायचे. लांबडीचा सूर न् सूर, शब्द न् शब्द दाजीचा. दिवसा फ्रिज दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी वर्कशॉपमागच्या गोदामात कीबोर्डवर बसायचा. ड्रमवर ढोल्या, म्हणजे अंगानंही ढोल्या. बेसवर मुका. मुका मुका नव्हता, बोलायचा कंटाळा होता त्याला. आणि पुढे मोर.

मोर हा दाजीच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा म्हणून सगळं गाव दाजी म्हणायला लागलं. आणि मोराला मोर नाव पडलं ते त्याच्या पिसाऱ्यामुळे. जुन्या छत्र्यांच्या काड्या वाकवून त्यावर बहिणीनं चिंध्या शिवून दिल्या होत्या. पाठीवर बांधायचा आणि कमरेची दोरी ओढली की भस्सकन उघडायचा. लांबडीच्या मधल्या पट्ट्यात एका ठरावीक जागी मोर तो उघडायचा आणि सगळा हॉल "हाऽऽ" करायचा. त्या "हाऽऽ"मध्ये दाजीची बोटं काय करतायत ते कुत्रंसुद्धा ऐकायचं नाही.

हे दाजीच्या पोटात वीस-बावीस वर्षं सलत होतं. बरं, मोर काय सुरांचा राजा होता म्हणावं, तर तेही नाही. मोराचा सूर पाहुण्यासारखा, कधी वेळेवर तर कधी उशिरा, आणि यायचा तेव्हा स्वागत त्याचंच. दाजीचा सूर म्हणजे गवंड्याचा ओळंबा. रिहर्सलला मोर उशिरा आला की दाजी स्वतः गाऊन काढायचा, आणि ढोल्या म्हणायचा, "दाजी, तुझं गाणं ऐकलं की वाटतं, माणसानं कसं वागावं!" ही स्तुती होती की टोमणा, दाजीला कधी कळलं नाही.

त्या रेडिओनंतर थोड्याच दिवसांत मोराचा घसा बसला. आधी वाटलं थंडी. मग डॉक्टरनं आत दिवा घालून बघितलं आणि गाठ निघाली. गाठ गरीब निघाली, जीव घेणारी नव्हती, पण काढताना आवाज घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, "हळू बोला, पाणी प्या आणि गाणं विसरा."

दाजी भेटायला गेला तेव्हा मोर उशीला टेकून बसला होता. पत्र्यावर वाळू ओढावी तसा आवाज.

"दाजी, आता तुम्हीच गा."

"छे छे. आधी बरा हो तू."

"गा हो. कधीपासून गायचंय तुम्हाला."

दाजीचे कान तापले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. खोटं नव्हतं ना ते! जिन्यावरून खाली येताना त्याला मेहुण्याचं वाईट वाटत होतं, मनापासून वाटत होतं, आणि तरी त्याच्या पायांनी सातांचा ताल धरला होता. माणसाचं मन म्हणजे भाड्याची खोली, एकाच वेळी कोण कोण राहतं सांगता येत नाही.

हॉल आधीच ठरलेला होता. दाजीनं कीबोर्ड मागच्या कोपऱ्यातून उचलून मधोमध पुढे आणला, समोर माइक लावला. बायकोनं शर्टाला इस्त्री करून दिली. मोरही आला, मफलर गुंडाळून, चौथ्या रांगेत बहिणीशेजारी बसला.

आणि दाजी गायला. खरं सांगायचं तर निर्दोष गायला. एक सूर इकडचा तिकडे नाही. पहिली काही मिनिटं लोकांनी मान हलवली. मग शब्द संपले आणि मधला पट्टा सुरू झाला. दाजीनं मान खाली घातली, कारण बोटं बघायला लागतात, तिथं बोटांच्या चपळाईचं काम आहे. मान खाली असताना त्याला आधी खुर्च्या ऐकू आल्या. मग खोकले. खोकल्याचं जांभईसारखं असतं, एकाचा दुसऱ्याला लागतो. मग दार करकरलं. पुन्हा करकरलं. पट्टा संपवून त्यानं मान वर केली तेव्हा अर्धा हॉल चहाला गेला होता आणि उरलेल्यांतले निम्मे आपापल्या बायकांशी बोलत होते.

टाळ्या झाल्या. पाहुण्यानं "जेवण छान होतं" म्हणावं, तसल्या.

हॉलचा मॅनेजर सामान आवरताना आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "दाजी, पुढच्या महिन्यातली तारीख तुमची आहे, ती मी मोडत नाही. पण परत असा हॉल रिकामा झाला, तर त्यानंतरची तारीख मला देता यायची नाही. नाचगाण्यावाले रांगेत उभेत."

"साउंड बसला नाही आज," दाजी म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं," ढोल्या ड्रम उचलता उचलता पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. ड्रम जड आहे म्हटलं."

मुका केबल गुंडाळत होता. तो वर न बघता म्हणाला, "लांबडी मेली आज." आणि पुढची केबल घेतली. मुका महिन्यातून एकदा बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्वयंपाकघरात चहाचा कप पुढ्यात घेऊन बसला. चहावर साय धरली तरी हात लावेना. बायको ओट्यापाशी भाजी निवडत होती.

"मी वाईट गायलो का गं?"

"नाही हो. चांगलं गायलात."

"मग?"

"मग काय?"

"मग लोक उठले का? तोच पट्टा, तेच सूर. तुझ्या भावाच्या वेळी एक माणूस उठायचा नाही. तो करायचा तरी काय तेव्हा?"

बायकोनं सुरी खाली ठेवली. "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"मला कसं माहीत असणार? मी मागं बसायचो, रिहर्सललाही. मला त्याची पाठ दिसायची. पाठ, तो पिसारा आणि खालून चपला."

ती आधी हसली. चांगलं खळखळून हसली. मग हसता हसता थांबली, कारण नवऱ्याचं तोंड बघितलं. एवढी वर्षं एका स्टेजवर उभे राहिलेले दोघं, आणि एकानं दुसऱ्याचं तोंड बघितलेलं नाही. तिनं हात पुसले आणि समोर बसली.

"तो तुम्हाला ऐकायचा," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे ऐकायचा. दारावर कोणाची तरी पावलं वाजली, की आपण कसे काम सोडून कान देतो? तसा. तुम्ही वर जायला लागलात की त्याच्या भुवया वर जायच्या. तुम्ही फसवून खाली उतरलात की तो हसायचा, आपलीच खोडी काढल्यासारखा. मला तुमच्यातलं काय कळतंय? सात की पाच, मला सगळं सारखंच. पण त्याच्याकडे बघितलं की कळायचं, आता काहीतरी येतंय. लोक काय, त्याच्या तोंडावर तुमचं गाणं वाचायचे."

दाजीनं सायीचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "आणि हे तू मला आज सांगतेस?"

"मला वाटलं तुम्हीच शिकवलंय त्याला!"

मोर चपला-बुटांच्या दुकानात कामाला होता. तिथंही त्याचं तसंच. गिऱ्हाईक एक जोड बघायला यायचं आणि दोन घेऊन, वर त्याला "येतो हं" सांगून जायचं. दाजी दुपारी गेला तेव्हा दुकान रिकामं होतं. मोरानं त्याला स्टुलावर बसवलं, समोर गुडघा टेकला आणि त्याचा जुना बूट काढला.

"बूट नकोय मला."

"पाय बघा काय झालाय. अंगठ्याला घट्ट होतंय. पेडल मारताना दुखत असणार."

दुखत होतं खरं. दाजीला राग आला. हा माणूस असाच! कीबोर्डखालचं पेडलही याला माहीत.

"परत स्टेजवर ये," दाजी एकदम म्हणाला. "गाणं मी गातो, मागून, कोपऱ्यातून. तू पुढे उभा राहा."

मोर बुटाची नाडी सैल करत राहिला. मग त्या खरखरीत आवाजात म्हणाला, "आणि काय करू? खांब होऊ? गळा गेलाय दाजी, लाज नाही गेली अजून. लोक म्हणतील, बिनगळ्याचा मोर आणलाय शोभेला."

"म्हणू देत."

"तुम्हाला म्हणायला काय जातंय? तुम्हाला वाटतंच की, मी तिथं नुसता पोज देत होतो."

"वाटत होतं," दाजी म्हणाला. कबूल करायला सोपं नव्हतं. पायात एकच बूट असताना तर मुळीच नाही. "आज सकाळपर्यंत वाटत होतं."

"आणि देतच होतो पोज. खोटं कशाला बोलू? पण हवेत थोडीच देता येते, कशावर तरी द्यावी लागते. तुम्ही वाजवायचात म्हणून देता यायची."

"मग ये की."

"नको."

दाजीनं बूट घातला. दारापर्यंत गेला आणि वळला. "बरं, स्टेज राहू दे. रविवारी गोदामात येऊन बस. उभा पण राहू नकोस. आम्ही वाजवतो, तू ऐक. चहा देईन."

"तुमचा चहा?" मोर म्हणाला. "घशाची गाठ परत येईल."

रविवारी तो आला. उशिराच आला, सवयीप्रमाणे. फ्रिजचा एक लाकडी खोका उपडा करून दाजीनं तो बँडच्या समोर टाकला होता. मोर त्यावर बसला, मफलर सारखा केला, आणि यांनी लांबडी सुरू केली.

आणि दाजीनं पहिल्यांदा ते तोंड बघितलं.

बायकोनं सांगितलं ते सगळं होतंच, वर आणखी होतं. बेस एक सूर धरून राहिला की मोराचा जबडा सैल पडायचा. ढोल्यानं सातातला सातवा ठोका खाल्ला की डोळा बारीक व्हायचा. दाजी एक चढण चढत होता, त्याच्या मते साधीच, भरतीची. आणि समोर मोराचा श्वास अडकलेला. दाजीला वाटलं, अरे, हे मी लिहिलंय? स्वतःच्या घराचा बाहेरून काढलेला फोटो पहिल्यांदा बघावा तसं झालं त्याला. मान खाली घालून वाजवणारा माणूस तो, पण त्या दिवशी त्याची मान खाली जाईना. चार सूर चुकले.

मग पट्ट्याच्या मधला तुकडा आला. दाजीचा लाडका. दोन हात दोन वेगळ्या तालांत, उजवा पाचात, डावा सातात, आणि फिरून फिरून दोघं एका जागी भेटतात. हा बसवायला दाजीचा अख्खा हिवाळा गेला होता. त्यानं जीव ओतला.

मोराचं तोंड विझलं. नजर भिंतीवरून फिरत फिरत छतावरच्या जाळ्यापाशी गेली आणि तिथंच राहिली.

दाजीनं हात उचलले. सगळे थांबले.

"झोपलास का रे?"

"नाही."

"झोपला होतास. बघितलं मी."

मोरानं मान खाजवली. "दाजी, रागावू नका. इथं मी दर वेळी झोपतो. म्हणून तर इथं पिसारा उघडायचो. लोक झोपू नयेत म्हणून. मीही झोपू नये म्हणून."

बावीस वर्षं दाजी समजत होता, की आपल्या सोन्यासारख्या तुकड्यावर हा चिंध्यांचा पिसारा टाकतोय. आणि हा तर उघड्यावर पांघरूण घालत होता.

"हाच गाभा आहे लांबडीचा!" दाजी ओरडला. "अक्कल लागते याला!"

"लागते ना," मोर म्हणाला. "तीच ऐकू येते. दिवेवाला कुठं गेला ते कळत नाही."

ढोल्यानं घसा साफ केला. "दाजी, मला तिथं भूक लागते. खोटं नाही सांगत, दर वेळी."

"मला पण," मुका म्हणाला.

मुक्यानं पुढच्या महिन्याचं वाक्य आत्ताच यावर खर्च केलं म्हणजे हद्द झाली. दाजी उठला, बाहेर वर्कशॉपमध्ये गेला, एका फ्रिजचं दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. आतून तिघांचं काहीतरी कुजबुजणं ऐकू येत होतं. त्याला वाटलं होतं की आपल्याला फक्त मागं बसावं लागेल, आणि ते आपण मोठ्या मनानं कबूलही केलंय. आता तर लेकराचा हातच कापून मागतायत. बरं, मागतंय कोण? ज्याचा गळा गेला तो. त्यानं त्याबद्दल एक हूं की चूं केलं नव्हतं.

दाजी परत येऊन बसला. कोणाकडे न बघता म्हणाला, "सातातला हात काढतो. नुसता पाच ठेवतो. ऐक."

वाजवलं. मोराची नजर छतावरून अर्ध्यापर्यंत खाली आली.

"हं," दाजी म्हणाला. उजवा हातही कमी केला. दोन सूर ठेवले, मध्ये जागा ठेवली. दिवा फिरतो तशी, एकदा उजेड, एकदा अंधार. ढोल्यानं काठ्या ठेवून दिल्या आणि नुसत्या बोटांनी ड्रमच्या कातड्यावर हळू थापटी धरली. दाजी कीबोर्डकडे बघतच नव्हता. तो त्या तोंडाकडे बघत होता. अंधारात पायरी चाचपावी तसा एक सूर टाकायचा, बघायचा. दुसरा टाकायचा, बघायचा. कुठं भुवई हलली की तिकडे जायचं. किती वेळ गेला देव जाणे. चहा केलेला तसाच राहिला. आणि कधीतरी, कोणाला कळायच्या आत, मोर खोक्यावरून उठून उभा होता. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, मान किंचित तिरकी.

वाजवणं थांबलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत. तो ओशाळला आणि मफलर चाचपायला लागला.

"पिसारा नको," तो म्हणाला. "साधा शर्ट घालीन."

"घाल."

"आणि माइक नको पुढे. खोटं नाही करणार मी."

"नको तर नको."

पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाला हॉल निम्मा भरला. मागच्या वेळची कीर्ती पसरली होती ना! दाजी मागच्या कोपऱ्यात जिथं दिवा पोचत नाही तिथं बसला आणि तिथून गायला. मोर मधोमध, मातकट शर्टात, हातात काही नाही. शब्द चालू असताना त्याचे ओठ हलत होते, जुनी सवय, पण आवाज कुठला! मग पट्टा आला. दाजीला परत ती पाठच दिसत होती. फरक एवढाच, की आता त्या पाठीच्या पलीकडे काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं, आणि तो त्या न दिसणाऱ्या तोंडासाठी वाजवत होता. दार एकदा करकरलं. बाहेर गेलेला कोणीतरी आत येत होता.

पट्टा संपला, गाणं संपलं. मग टाळ्या आल्या, आणि येतच राहिल्या. मॅनेजरनं लांबूनच दाजीला पुढची तारीख पक्की अशी खूण केली.

लोकांचा घोळका मोराभोवती जमला. दाजी वायरी गुंडाळत जवळच होता. एक धिप्पाड गृहस्थ मोराचा हात दोन्ही हातांत धरून हलवत होते. डोळे ओले.

"काय गायलात! अहो, मी तुम्हाला पहिल्यापासून ऐकतोय. आवाज थोडा बदललाय, नाही म्हणणार नाही, पण आज सूर कसा पक्का लागला होता! असे कधीच गायला नव्हतात!"

मोरानं घाबरून दाजीकडे बघितलं. मग आपल्या पत्र्याच्या आवाजात म्हणाला, "मी नाही हो गायलो. हे गायले. आमचे दाजी."

गृहस्थांनी दाजीकडे बघितलं. गळ्यात केबल, घामानं भिजलेली बनियन, एका पायात नाडी सैल सोडलेला जुना बूट. त्यांनी पुन्हा मोराकडे बघितलं आणि काय तरी थट्टा आहे असं समजून मोठ्यानं हसले.

"विनय बघा यांचा!" ते म्हणाले, आणि जाता जाता दाजीच्या खांद्यावर थोपटून गेले. "तुम्हीही छान वाजवता हं."

ढोल्या श्वास रोखून दाजीकडे बघत होता. मोर तर पार मेल्यासारखा झाला होता. "दाजी," तो म्हणाला, "मी सांगितलं त्यांना. तुमच्यासमोर सांगितलं."

"ऐकलं मी," दाजी म्हणाला. तो केबलचा वेढा घालता घालता थांबला. त्या माणसाचे डोळे ओले होते, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसत होतं. बावीस वर्षांत तेवढ्या जवळून कोणाचे बघायला मिळाले नव्हते.

"सूर पक्का लागला होता म्हणाला ना?" त्यानं विचारलं.

"म्हणाला."

"मग झालं तर," दाजी म्हणाला, आणि केबलचं दुसरं टोक मोराच्या हातात दिलं. "धर. नुसता उभा काय राहतोस?"